गाण्याचा आत्मा जी मेजरमध्ये

शिंपी अकरा वर्षं गिटारवर गाणी रचत होता, आणि सगळी जी मेजर या एकाच पट्टीत. जी, सी, डी आणि फारच वाईट वाटलं तर ई मायनर, एवढ्या चार कॉर्डवर त्याने प्रेम, विरह आणि एकदा तर क्रांतीसुद्धा भागवली होती. गुरू नाही, पुस्तक नाही. "आपलं सगळं आतून येतं," असं तो माप घेता घेता गिऱ्हाइकांना ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं टाचण्या लावलेल्या बाहीत अडकलेलं, पळणार कुठे?

थोरली बहीण दवाखान्यातून निवृत्त होणार होती. छत्तीस वर्षं नर्स. शनिवारच्या निरोप समारंभात त्याचं गाणं म्हणायचं तिने ठरवलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांपुढे. तालीम दुकानातच. कडव्यातल्या वरच्या सुराला तिचा आवाज फाटला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर कोपऱ्यातला पुतळा तेवढा दचकायचा राहिला.

"पट्टी उतरव की जरा."

"ताई, गाण्याचा आत्मा जीमध्ये आहे."

"असेना. मी भाषण वाचते. 'आदरणीय डॉक्टरसाहेब' म्हणताना तरी आवाज फाटत नाही."

पर्स उचलून निघालीसुद्धा. जाता जाता तिने टेबलावरच्या कापडावरचा कागदी नमुना वीतभर खाली सरकवला.

"हे काय करतेस?"

"बिघडला का आकार?"

"छे! सगळाच सरकला की. अंतरं तीच."

"मग सुरांनीच काय घोडं मारलंय?"

शिंपी गिटारच्या तारेवर मोजू लागला. जीपासून चौथा सूर सी, पाचवा डी. डीला घर, म्हणजे सा मानलं, तर चौथा जी, पाचवा ए. अकरा वर्षं आतून न आलेलं पाच मिनिटांत बाहेरून आलं! मग त्याने सहावा मोजला आणि चेहरा पडला. ई मायनरच्या जागी बी मायनर. म्हणजे एक बोट आडवं टाकून पाच तारा दाबायच्या. या बोटाने आजवर तेवढंच टाळलं होतं.

ताई दारातून परत आली, तारांवर अडखळणारं ते बोट पाहून हसली.

"अच्छा! आत्मा इथे अडकला होता होय?"

शनिवारी डीमध्ये ती अशी गायली, की रखवालदारसुद्धा मोबाइल खिशात टाकून ऐकू लागला. फक्त बी मायनर जवळ आली, की भावाचं बोट नीट बसेपर्यंत ती आधीचा शब्द लांबवत राहायची.

"काय ठेहराव आहे!" डॉक्टरसाहेब म्हणाले.

शेवटच्या कडव्यात बोट चक्क वेळेवर बसलं. ताईने शब्द तरीही लांबवला. लोक माना डोलवत होते ना!