मागच्या खोलीतलं कपाट

गुलमंडीत कापडाच्या दुकानांच्या रांगेत एक चिंचोळं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, सगळा माल छतापर्यंत रचलेला. दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याला पायरीवरच थांबावं लागतं. पण कुणी साडीचा पदर पुढं धरला की दीपमाला मागं न बघता हात घालते आणि नेमका तोच मोरपंखी, नेमका तोच डाळिंबी काढून काउंटरवर पसरते. दुकानातल्या फळ्या तिनंच मालकाच्या मागं लागून बदलून घेतल्या होत्या. पूर्वी तागे आडवे पडायचे, तिनं ते उभे केले. तेव्हापासून त्याच दुकानात दीडपट माल बसू लागला आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवू लागला.

घरी मात्र तिला स्वतःचं कपाट कधी मिळालं नाही. उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वडील गेले तेव्हा धाकटा राजकुमार शाळेत होता आणि आई अंथरुणाला खिळलेली. दीपमालानं कॉलेज सोडलं आणि दुकानात उभी राहिली. घरात एकच लोखंडी कपाट. वरचा कप्पा आईच्या औषधांचा, बाकीचे राजकुमारच्या पुस्तकांचे आणि कपड्यांचे. दीपमालाच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. साडी काढायची तर गुडघे टेकून वाकायचं, ट्रंक ओढायची, वरच्या चार साड्या बाहेर काढायच्या. स्थळं आली तेव्हा ती म्हणायची, "राजू हाताशी येऊ दे, मग बघू." राजू हाताशी आला, डिप्लोमा झाला, शेंद्र्याच्या कंपनीत लागला. आई तेवढं बघून गेली. तोवर दीपमालाला कुणी विचारायचंच बंद केलं होतं. राजकुमारचं लग्न झालं, मोनिका घरात आली आणि लोखंडी कपाट आतल्या खोलीत गेलं. ट्रंक होती तिथंच राहिली. याचं दीपमालाला कधी वाईट वाटलं नाही. भाची संस्कृती तिच्याच मांडीवर वाढली, तिच्याच कुशीत झोपली.

मग राजकुमारनं शेंद्र्याच्या रस्त्याला रो-हाऊस घेतलं. भिंतींना नुसतं प्लास्टर झालं होतं तेव्हा तो तिला बघायला घेऊन गेला. मागच्या लहान खोलीत उभा राहून म्हणाला, "ताई, ही तुझी. कपाट तुझ्या मनासारखं करून घे. आमच्याही कपाटांचं तूच बघ. मोनिकाला त्यातलं काय कळत नाय."

दीपमाला नुसती भिंतीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर दुकानाला सुट्टी असली की ती तिकडं. सुतारकामाला इब्राहीम मिस्त्री होता, शहरातला जुना माणूस, कानाला पेन्सिल लावून हिंडणारा. खोली इवलीशी, त्यात कोपऱ्यात खांब बाहेर आलेला. नेहमीची दारं केली तर ती पलंगाला आपटणार, म्हणून सरकती दारं ठरली. खांबाशेजारची उभी फट इब्राहीम प्लायनं बुजवून टाकणार होता.

"बुजवू नका इब्राहीमभाई," दीपमाला म्हणाली. "तिथं अरुंद कप्पा करा. छत्री बसंल, इस्त्रीचा पाट बसंल."

दुकानातला निळा खडू तिनं पिशवीतून आणला होता. त्यानं तिनं भिंतीवरच सगळं आखलं. साड्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, खालची ओढली की ढीग कोसळतो. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, त्यासाठी मध्ये पातळ फळ्या. रोजच्या साड्या हँगरला, पण घडी करून, म्हणजे दांडी खाली घेता येईल आणि वर अख्खा कप्पा मोकळा राहील. माळ्यावर रजया. खाली खोल ड्रॉवर, गुडघे न टेकता उघडता येईल इतका वर.

"ताई, हात वर करा बरं," इब्राहीम म्हणाला. तिनं हात वर केला. बोटं पोचली तिथं त्यानं खूण केली.

टेपचं दुसरं टोक राजकुमारनं धरलं होतं. तो म्हणाला, "अजून खाली घे मिस्त्री. ताईचा खांदा दुखतो."

इतर कपाटंही तिनंच बघितली. मोनिकाच्या कपाटात दागिन्यांचा चोरकप्पा कुठं करायचा, संस्कृतीच्या कपाटातल्या फळ्या वर-खाली सरकवता याव्यात म्हणजे पोरगी वाढली तरी चालतील, असं बरंच काही. गणपती झाल्यावर राजकुमार तिला सनमायकाच्या दुकानात घेऊन गेला. तिनं पुष्कळ नमुने चाळले आणि फिकट अबोली निवडला. "हा?" तिनं विचारलं. "छान आहे की," तो म्हणाला आणि नमुन्याचा तुकडा खिशात घातला. मग दुकानात दसरा-दिवाळीची गर्दी सुरू झाली आणि तिला तिकडं फिरकायला जमेना.

वास्तुशांत दसऱ्यानंतर ठरली. आदल्या दिवशी दुपारी दीपमालानं अर्धी सुट्टी काढली. ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेल्या साड्या पिशवीत भरल्या आणि रिक्षानं निघाली. मोनिका स्वयंपाकघरात बायकांशी बोलत होती. दीपमाला थेट मागच्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार सरकवलं.

दार अबोली नव्हतं, करडं होतं. आत पातळ फळ्या नव्हत्याच. दांडी इतकी वर गेलेली की टाचा उचलूनही तिची बोटं नीट टेकेनात. दांडीला शर्ट लटकत होते, इस्त्री केलेले. खाली ड्रॉवरच्या जागी बुटांची मांडणी.

मिस्त्रीनं घोळ घातला, असंच तिला आधी वाटलं. तो पुढच्या खोलीत मुठी बसवत होता. तिनं त्याला हाक मारली.

"इब्राहीमभाई, हे काय करून ठेवलं? माझं माप विसरलात व्हय?"

इब्राहीम दारात येऊन थांबला. "ताई, ये तो भाभीने बोला था ना. गणपतीच्या आधीच. त्यांच्या भावाची उंची जास्त आहे, दांडी वर घ्या, साडीच्या फळ्या काढा म्हणल्या." तिचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "मैं समझा तुमको मालूम है."

गणपतीच्या आधी. आणि अबोली रंग तिनं निवडला तो गणपतीनंतर. राजकुमारनं तो तुकडा खिशात घातला होता.

तेवढ्यात मोनिका आली. तिनं एकदा कपाटाकडं आणि एकदा पिशवीकडं बघितलं. "अगं बाई, ह्यांनी सांगितलं नाय का तुम्हाला? ताई, कृष्णाला शेंद्र्यातच नोकरी लागलीय. कंपनी इथून हाकेच्या अंतरावर. नवीन पोरगा, कुठं खोली शोधत फिरणार?"

"मग मी?"

"तुम्हाला उस्मानपुरा किती सोयीचा! इथून रोज गुलमंडी गाठायची म्हणजे हालच की. त्या खोल्या आम्ही सोडल्या नाहीत, घरमालकाशी बोलून ठेवलंय."

राजकुमार मागं येऊन उभा होता. हातात स्क्रूची पुडी होती, तिच्यातच बघत तो म्हणाला, "सांगणारच होतो ताई. पण तू कामात इतकी रमली होतीस. म्हणलं, सगळी कपाटं एकदा नीट होऊ देत."

संस्कृती त्याच्या मागून डोकावली. "आत्या, तुला माहीत नव्हतं? पप्पा म्हणले होते, आत्याला सांगू नको, तिला आम्ही सांगू."

दीपमालाला पोरीच्या तोंडाकडं बघवेना. ती पलंगाच्या कडेला बसली. आपण कपाटांची मापं सांगत होतो तेव्हा शेवटी शेवटी या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चहा आणून देताना मोनिकाला ठाऊक होतं. हसून मान डोलावणाऱ्या राजूला ठाऊक होतं. एवढ्याशा पोरीनंही ते पोटात ठेवलं होतं.

मग मोनिका म्हणाली, "ताई, राग नका धरू. आणि तुम्ही आलातच आहात तर त्या रजयांना जरा हात लावा ना. माळ्यावर बसतच नाहीत."

आणि दीपमाला उठली. का उठली ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. तिनं रजई तिहेरी केली, गुडघ्यानं दाबून हवा काढली, गुंडाळी करून स्टुलावर चढून उभी बसवली. दुसरी बसवली. मग खाली उतरल्यावर हात सवयीनं पलंगावर टाकलेल्या कृष्णाच्या शर्टांकडं गेले. एक शर्ट उचलला, पालथा घातला, एक बाही मुडपली. दुसरी मुडपताना तिचं आपल्याच हातांकडं लक्ष गेलं. तिनं शर्ट खाली ठेवला, एक बाही आत आणि एक बाहेर, तसाच. पिशवी उचलली आणि बाहेर पडली. राजकुमार फाटकापर्यंत आला. "ताई, रिक्षा तरी बघू दे," म्हणाला. ती चालत राहिली.

रात्री त्याचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. पण सकाळी ती वास्तुशांतीला गेली. लोक विचारतील म्हणून गेली की बघायला गेली, कोण जाणे. आहेराची साडी मोनिकाच्या हातात दिली, ओटी भरली, आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. शेजारी गावाकडची भागूबाई मावशी होती. तिला दीपमालाचं सगळं आयुष्य ठाऊक. घास घेत ती म्हणाली, "दीपे, लई भारी घर बांधलं गं भावानं. जेवण झालं की तुझी खोली दाव मला."

राजकुमार हातात बुंदीचं ताट घेऊन वाढत वाढत नेमका समोर आला होता.

"मी पाहुणी हाय मावशी," दीपमाला म्हणाली. "मला बी दुसऱ्यालाच विचारावं लागंल."

मावशीनं घास खाली ठेवला. राजकुमारनं दीपमालाच्या पानात बुंदी वाढली, मग पुन्हा वाढली, नको म्हणायला तिनं हात आडवा धरला तरी वाढली, आणि भरभर पुढं गेला.

बिऱ्हाड हललं. उस्मानपुऱ्याच्या दोन्ही खोल्यांत दीपमाला एकटी राहिली. लोखंडी कपाट राजकुमार-मोनिका तिच्यासाठी ठेवून गेले होते. पहिले काही दिवस तिनं ते उघडलंच नाही. दुकानातून येऊन ती चटणी-भाकरी खायची आणि पडून राहायची. झोपताना संस्कृतीसाठी भिंतीकडं सरकायची सवय काही जाईना.

भाऊबीजेला राजकुमार आला. एकटाच आला. तिनं पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. चहा पिताना तो खाली बघून म्हणाला, "ताई, अजून रागावलीयस?"

"खोलीसाठी नाय रे," ती म्हणाली. "कृष्णाला पाहिजे म्हणला असतास तर मी दिली असती. आजवर तुला कशाला नाय म्हणलं? पण तू मागितलीच नाहीस. उलट मला रंग निवडायला नेलंस."

त्यानं कप बशीत फिरवला. मग म्हणाला, "कृष्णाचं लग्न झालं की तो दुसरीकडं जाईल. मग ती खोली तुझीच."

"लग्न झालं की त्याला कपाट मोठं लागंल," दीपमाला म्हणाली. "आधीच सांगून ठेव मिस्त्रीला."

राजकुमारला हसावं की काय कळेना. तो उठला, वाकून पाया पडला. तिनं पाठीवर हात ठेवला, पण पूर्वीसारखी "सावकाश जा" म्हणायला जिन्यापर्यंत गेली नाही.

आता संस्कृतीच्या वाढदिवसाला ती जाते, पोरीला जवळ घेते, आणि अंधार पडायच्या आत निघते. मागच्या खोलीकडं वळत नाही. मोनिकाचा मधूनच दुकानात फोन येतो. थंडीचे कपडे कुठं घालू, नव्या पडद्यांना जागाच नाही, तुम्ही एकदा येऊन लावून द्या ना. दीपमाला सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "मला जमायचं नाय मोनिका." कारण काय, ते मोनिका विचारत नाही आणि दीपमाला सांगत नाही.