कपात म्हणजे छाटणी

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. मुळात मी बोलतोच कमी, आणि सगळी पंचाईत तिथूनच झाली.

नाशिकच्या आमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात सगळ्या फायली एका पोर्टलवर असतात. पण त्यातली हवी ती सापडेल तर शपथ. म्हणून मी सर्च सुधारायला घेतला. एकेक सेटिंग हाताने करत बसण्यापेक्षा स्क्रिप्ट लिहिली. ती पोर्टलला समानार्थी शब्द शिकवायची: कुणी ‘गाडी’ शोधलं तर ‘वाहन’ लिहिलेली फाईलही वर यावी. शब्दांच्या जोड्या मी सरळ शब्दकोशातून उचलल्या. त्यात एक जोडी होती, कपात आणि छाटणी.

दुसऱ्याच दिवशी अकाउंट्सच्या ताईंनी पगारातून काय कापलंय ते बघायला ‘कपात’ टाइप केलं. सगळ्यात वर आलं: ‘ऑक्टोबर छाटणी. जुनं, वाळलेलं आधी काढावं. हात आखडू नये.’

बागायतदारांना पाठवायची सूचना होती ती. ताई वणीकडच्या, घरची द्राक्षबाग. पण पगाराच्या काळजीत बाग कुणाला आठवते? फाईल उघडायचा धीर त्यांना झाला नाही. थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“भाऊ, यांनी काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं. राजीनामा टाइप करून द्या. तुमचं मराठी लय चांगलं हाय.”

काय झालंय ते मला तिथेच कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण सकाळीच साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या सर्चचं कौतुक केलेलं. मी राजीनामा टाइप केला. वर ‘कृपया’ माझ्या मनाने घातलं.

ताई केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

“साहेब, मी जाते. छाटणी आहे ना.”

“मग जा की! आमचीपण सुरू झाली. चार दिवस पुरतील?”

ताई कागद हातात तसाच घेऊन बाहेर आल्या. “चारच दिवस दिले हो, भाऊ,” म्हणत मटकन खुर्चीत बसल्या.

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. “ताई, ती छाटणी द्राक्षाची आहे. सिस्टीम चुकली.”

त्यांनी हातातला कागद चुरगाळला. मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. “मेली ती सिस्टीम! आणि तुम्हाला बिचाऱ्याला उगाच टायपिंग!”

ती ओळ मी स्क्रिप्टमधून लगेच काढली. फेब्रुवारीत ताईंनी बागेतली द्राक्षं आणून दिली, “टायपिंगबद्दल” म्हणून. सिस्टीम म्हणजे मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यात द्राक्ष टाकलं.

गोड होतं, हेही कबूल करतो.