पोळ्याचे बत्तीस दिवस

निजाम मास्तरांबरोबर चिंतामण तीन वर्षं एकाच छपराखाली शिकवत होता. मधे फक्त एक बांबूचा तट्ट्या. तरी मास्तरांविषयी त्याला ठाऊक होतं ते एवढंच: माणूस मेहकरकडचा, चहात साखर जास्त लागते, आणि कोटाच्या डाव्या खिशात नेहमी खडू. घरी कोण कोण असतं, हेदेखील त्यानं कधी विचारलं नाही. विचारावं असं रोज वाटायचं. पण तोंडाशी आलेला शब्द तो आधी दहादा चाचपून पाही, आणि तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असे. तेव्हा पुढे जे आलं आहे ते बहुतेक तट्ट्याच्या अलीकडून ऐकलेलं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सन छत्तीसची गोष्ट. सुलतानपूरची बोर्डाची शाळा, दोन मास्तर. चिंतामण बुलढाण्याच्या एका कारकुनाचा मुलगा, ट्रेनिंग करून आलेला, पहिली-दुसरी त्याच्याकडे. तिसरी-चौथी निजाम मास्तरांकडे. मास्तर चाळिशी ओलांडलेले, पण ट्रेनिंग नाही म्हणून अजून हंगामीच. यंदा मात्र निकाल लागणार होता. तपासणीला येणाऱ्या डिप्टी साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाही तर घरी.

आणि नेमक्या त्याच साली मास्तरांनी चंद्रावर गाडी काढली.

गाडी म्हणजे साधी बैलगाडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुलतानपुरातून निघाली, लोणारच्या तळ्याच्या काठावरून आभाळात चढली. रोज दुपारच्या सुटीनंतर गोष्ट पुढे सरकायची. वरून पैनगंगा कशी दिसते, ते पोरं नकाशात बोट फिरवून सांगायची. हवा विरळ झाली की बैल धापा का टाकतात, चंद्रावर विहीर नाही तर पखाली किती घ्याव्या, सगळं पोरांनीच ठरवायचं. नियम एकच. हिशेब जमल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदा कडब्याच्या पेंढ्यांवरून गाडी तीन दिवस अधांतरी उभी होती. शेवटी पिंजाऱ्याच्या गौसियानं भागाकार जुळवला, तेव्हा सगळ्या वर्गानं बैलांना हाकारे घातले. तट्ट्याच्या अलीकडे चिंतामणची पहिली-दुसरीही हाकारे घालू लागली. त्यानं त्यांना गप्प केलं नाही. तोही ऐकतच होता.

गाडी गावात मात्र किसनराव पाटलांच्या दारात अडली. त्यांचा नातू चौथीत. पाटील एका सकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"मास्तर, पोरगं मले इचारते, आबा, आपला ढवळ्या चंद्रावर जाईन का, त्याचा तं जुवानं खांदा सुजून आला हाय. हे काय शिकवून राह्यले तुम्ही?"

"गणित शिकवून राह्यलो, पाटील."

"गणित असं असते? आभाळात गाड्या हाकून? मी साहेबाले सांगतो."

पाटलांनी खरोखरच अर्ज धाडला. त्या दिवशी चहा पिताना चिंतामण कसाबसा म्हणाला, "निजामभाई, तपासणीपुरती गाडी थांबवा ना. पुस्तकातला त्रैराशिकाचा पाठ घ्या."

मास्तरांनी बशीत फुंकर घातली. "थांबवतो हो. पण बैल मधेच सोडू कुठी? खाली पडतीन ना."

तपासणीच्या दिवशी चिंतामण सगळ्यांच्या आधी शाळेत आला. चौथीच्या फळ्यावर चंद्र होता, गाडी होती, आणि चार दिवस खपून पोरांनी मांडलेला हिशेब होता: चंद्र दोन लाख एकोणचाळीस हजार मैल, गाडीची चाल दिवसाला वीस मैल. चिंतामण फळ्यासमोर किती वेळ उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मग त्यानं फडकं ओलं केलं आणि सगळं पुसून टाकलं. मास्तरांच्या भल्यासाठीच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

निजाम मास्तर आले, कोऱ्या फळ्याकडे पाहिलं, आणि वर तारीख घातली.

साहेब दहाला आले. मागोमाग पाटील. साहेब खुर्चीत बसले आणि सरळच म्हणाले, "मास्तर, तुमची बैलगाडी चंद्रावर जाते म्हणे?"

"हाव साहेब. हिशेब जमला तर जाते."

"कुठे आहे तो हिशेब?"

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. "काल इथंच होता. फडकं फिरलं त्यावर."

तट्ट्याआड चिंतामणला ते ऐकू आलं. दोन पावलं टाकून पुढे व्हायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. त्याच्यानं ते झालं नाही.

"असं," साहेब म्हणाले. त्यांनी अंतर आणि चाल विचारून घेतली आणि खिशातली पेन्सिल काढून कागदावर स्वतःच आकडे मांडले. "अकरा हजार नऊशे पन्नास दिवस. म्हणजे बत्तीस वर्षं, दोनशे सत्तर दिवस. आता मुलांचं उत्तर ऐकू. कोण सांगतं?"

गौसिया उभी राहिली. "बत्तीस वर्षं, तीनशे दोन दिवस."

पाटील मिशीतल्या मिशीत हसले. साहेबांनी कागद पुन्हा तपासला. "चुकलं. बत्तीस दिवस जास्त आले तुझे."

"नाही चुकलं, साहेब."

"मग हे बत्तीस दिवस कुठले?"

"पोळ्याचे," गौसिया म्हणाली. "वाटेत बत्तीस पोळे लागतात. पोळ्याले बैल जुपत नाही, साहेब."

साहेबांनी मान वळवून पाटलांकडे पाहिलं.

पाटलांनी घसा खाकरला. "हे पोरगी खरं बोलली," ते जरा अवघडूनच म्हणाले. "पोळ्याले मानेवर जू ठेवनारा मानूस आमच्या गावात नाही. चंद्रावर जाऊ दे, नाही तं कुठीही जाऊ दे."

"बरं," साहेब म्हणाले. "पण लीप वर्षं? त्यांचे जादा दिवस कुठे धरले?"

गौसियानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "ते शिकवायचं राह्यलं, साहेब. गाडी तिथंच उभी हाय."

साहेबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि हात पुढे केला. मास्तरांनी डाव्या खिशातून खडू काढून दिला. साहेब अर्धा तास फळ्याशी होते. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं: "गणित उत्तम. गोष्टीच्या ओघात शिकवतात. बैलांची सुटी हिशेबात धरलेली आढळली. कायम करण्यास हरकत नाही."

कायम झालेल्या माणसाची बदलीही होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन महिन्यांनी हुकूम आला: जळगाव जामोद, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चौथी चिंतामणकडे आली, आणि पहिल्याच दुपारी पोरांनी विचारलं, "गुरुजी, गाडी कुठंवर आली?" त्याला गोष्ट सांगता येत नव्हती. तरी त्यानं सांगितली, अडखळत. पुढे नोकरीभर तो ती सांगत राहिला. पोळ्याच्या दिवशी गाडी उभी ठेवायला तो एकदाही विसरला नाही.

मास्तर निघाले त्या सकाळी चिंतामण नाक्यापर्यंत पोचवायला गेला होता. फळ्याचं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेला होता. मास्तर सामानाच्या छकड्यात ट्रंकेवर बसले. गाडीवानानं कासरा उचलला.

"पाणी घेतलं का संगं?" चिंतामणनं विचारलं.

"घेतलं. आन् हो, चिंतामणराव, फळ्याचं फडकं खिडकीत वाळू घातलं हाय. आठवणीनं उचलजा."

"हाव," चिंतामण म्हणाला. "उचलतो."