लिटरला बारा

हस्तबीर राईचा उजवा गुडघा आता जिना चढताना कुरकुरायचा. एकोणीस वर्षं तो कालिम्पोंग-सिलिगुडी जीप चालवत होता, तीही दुसऱ्याची. मालकीण इंद्रकुमारी प्रधान बोलायला मऊ, पण आकड्याला पक्की. टाकी काठोकाठ भरायची, जाऊन-येऊन पुन्हा काठोकाठ भरायची आणि मीटरवरच्या किलोमीटरना लिटरने भागायचं. उत्तर बारा आलंच पाहिजे. गेल्या दसैंपासून, म्हणजे दसऱ्यापासून, ते दहाच येत होतं. हा वाटेत डिझेल विकतो, असं ती त्याला तोंडावर म्हणाली नाही. स्टँडवर मात्र सगळ्यांच्या कानी गेलं होतं. केस पिकल्यावर चोर ठरणं त्याला फार लागलं.

म्हणून तो उतारावर इंजीन बंद करून गाडी सोडू लागला. इंजीन बंद केलं की ब्रेक दगड होतो, त्यावर अक्षरशः उभं राहावं लागतं. मागे माणसं डुलक्या घेत असत आणि खाली दरीत तिस्ता नदी वाहत असे. हा शुद्ध वेडेपणा होता आणि त्यालाही ते कळत होतं. एवढं करूनही मीटरच्या हिशेबाने जेमतेम अकराच.

एकदा दरड कोसळून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बसल्या बसल्या त्याने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मीटरशी ताडून पाहिले. दगडांनी सोळा किलोमीटर झाले, तेव्हा मीटरवर पंधरा होते. मग डोक्यात प्रकाश पडला. दसैंच्या आधी, खड्ड्यांत गाडी खाली घासते म्हणून, मालकिणीनेच मोठे टायर बसवले होते. मोठ्या चाकाचे फेरे कमी होतात, म्हणून मीटरही कमी मोजतो.

त्याने जाऊन तिला सांगितलं. तिने कागदावर दोनदा भागाकार केला. दगडांनी एकशे बत्तीस किलोमीटर, डिझेल अकरा लिटर. बरोबर बारा. तिने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"दाइ," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "माझं चुकलं. बारा देताय की तुम्ही. असंच चालू द्या."

त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याला नुसतं थकल्यासारखं झालं.

"साहुनी," तो मालकिणीला म्हणाला, "हे बारा उतारावर इंजीन बंद ठेवून आलेत. उद्यापासून चालू ठेवणार. साडेदहा येतील, हे जड टायर डिझेलही जास्त खातात. मग चोर म्हणायचं तर म्हणा."

तिने भागाकाराच्या कागदाची घडी घातली.

"परवा माझी पोरगी तुमच्याच गाडीने आली ना?"

"हो," तो म्हणाला. "झोपली होती."