मनोऱ्यातला सागवानी जिना

"…अगं आई, पुढच्या आठवड्यात अख्खा जिना उतरवणार आहेत. जुनं अस्सल सागवान…"

एवढंच ऐकलं हो मी. लिफ्टचं दार मिटलं. काय सांगू, ते दार जरा उशिरा मिटलं असतं तर आज तोंड लपवत भाजीला जायची वेळ आली नसती!

बोलणारी आमच्या समोरची नेहा. मुंबईत विद्यापीठाची एक जुनी इमारत दुरुस्त करतायत, तिथं पोरीला पहिलीच नोकरी लागलीय. इमारत इंग्रजांच्या काळातली. टोकदार कमानी, रंगीत काचा, घड्याळाचा दगडी मनोरा आणि त्यात गोल गोल वर जाणारा जिना. ती फोटो दाखवते, मी "वा वा" म्हणते.

आता आमच्या पनवेलमध्ये जुनं लाकूड उतरवलं की पुढे काय होतं? घर पाडतात, लाकूड विकतात, टॉवर उभा राहतो. दुसरं काही मी बघितलंय कधी? लावला लगेच पळस्प्याला धाकट्या भावाला फोन. त्याच्या बंगल्याचं काम चाललंय.

"बाळू, कॉलेज पाडतायत! सागवानी जिना आहे."

"नक्की ना गं ताय? मंग आमी टेम्पोच घेऊन जाताव."

गेला की! आणि वर फाटकावर सांगतो काय, "नेहा म्याडमनी पाठवलंय." नाव मीच दिलेलं. ओळख असावी म्हणून!

संध्याकाळी नेहा दारात. डोळे लाल.

"काकू, साहेब विचारतायत, जिना मी परस्पर विकायला काढला का! नोकरी जाईल माझी."

"अगं, पण उतरवणार आहेत ना?"

"उतरवून, वाळवी लागलेल्या पायऱ्या बदलून, पुन्हा तिथंच बसवणार आहेत, काकू!"

पुन्हा तिथंच?

दुसऱ्या दिवशी बाळूच्याच टेम्पोतून गेले. साहेबांसमोर हात जोडले. "पोरीचा काही दोष नाही हो, हा सगळा माझा उद्योग." साहेब हसले. नोकरी वाचली.

"टेम्पो आणलाच आहे," ते म्हणाले, "तर मनोऱ्यातून खरंच काढून टाकलेलं काही नेता का? फुकट."

बाळूला टेम्पो रिकामा न्यायचं जिवावर आलेलं. "चालंल की!"

कबुतरांची विष्ठा. पोतीच्या पोती! वर्षानुवर्षांची.

बाळूनं ती माझ्याच दारात उतरवली. "झाडांना घाल, ताय." आता बाल्कनीत उभं राहायला जागा नाही.

काल लिफ्टपाशी दोघी शेजारणी कुजबुजत होत्या, "हा वास नक्की त्या…"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. चार मजले जिन्यानं चढले.