परत पाठवलेला पुण्याचा मेल

पुण्याच्या कंपनीचा मेल दुपारी आमच्या सर्व्हरपर्यंत आला होता आणि आमच्याच सर्व्हरने त्याला दारातून परत पाठवलं होतं. नोंदीत ते स्वच्छ दिसत होतं. माझ्या नोकरीचं पत्र होतं ते. उद्या संध्याकाळपर्यंत लेखी होकार कळवा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. पण पत्रच हातात नाही तर होकार कशाला देणार? मला धड बसवेना, धड उभं राहवेना.

सर्व्हर काकांचा. बाबांच्या पाठचे हे भाऊ लक्ष्मी गेटजवळच्या एका खोलीतून झाशी-मऊरानीपूरच्या व्यापाऱ्यांची मेलसेवा चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. फालतू जाहिरातींनी गिऱ्हाइकं वैतागली, तेव्हा काकांनी एक युक्ती बसवली. अनोळखी ठिकाणाहून मेल आला की पहिल्यांदा 'आत्ता नाही, नंतर या' म्हणायचं. जाहिरातवाले एकदा दार वाजवून पुढे जातात, खरा पाठवणारा परत येतो. 'भैयाजी, कचरा आना बंद हो गया,' असे फोन आले आणि काकांना आभाळ ठेंगणं झालं.

मेलच्या जागतिक नियमावलीत लिहिलंय की असं उत्तर मिळाल्यास पाठवणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करायला हवा. करायला हवा म्हणजे केलाच पाहिजे का? काकांना शंकाच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून आमची मराठी अर्धी हिंदी झाली, पण पंगतीतला आग्रह तसाच राहिला. पहिलं 'नको' आमच्यात कोणी मोजतच नाही. वाढणारा भांडं घेऊन परत येतोच. काकांनी जगभरच्या सर्व्हरना आमचे वाढपी करून टाकलं होतं.

"काका, या कंपनीपुरती तरी ही 'नंतर या'ची अट काढा ना. मग मी त्यांना पुन्हा एकदा पाठवायला सांगते."

"कशाला? येईल ना फिर से. नियमात लिहिलंय."

"सबळ कारण असेल तर नाही केलं तरी चालेल, हेही लिहिलंय."

"त्यांना कसलं आलंय कारण? जरा सबर कर, बेटा."

सबर म्हणे! दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी मेलचा पत्ता नाही. दतिया गेटपर्यंत उगाच चालून आले, चहा न पिता गार केला, नोंदी पुन्हा पुन्हा उघडल्या. शेवटी काकांसमोरच पुण्याला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडूनच परत आला तो. आमचं मशीन एकदाच पाठवतं. दुसरा पत्ता आहे का?" मी एका फुकट सेवेवरचा माझा पत्ता दिला आणि फोन ठेवते न ठेवते तोच पत्र आलं.

मी उखडले. "पाहिलंत? सगळे नाही परत येत!"

काका चष्मा पुसत राहिले. "मालूम आहे मला," ते म्हणाले. "मागे दोन गिऱ्हाइकांचे मेल असेच गेले. त्यांच्यापुरती अट काढली मी."

"मग माझ्यासाठी का नाही?"

"तू निघून जाशील ना, बेटा."

मला रडू फुटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. नियमांच्या आड लपण्याऐवजी त्यांना तोंडाने 'थांब' म्हणता आलं असतं. म्हणाले असते तर मी कदाचित थांबलेही असते, आणि याचाच मला जास्त राग आला. त्यांच्या शेजारी बसूनच मी होकार लिहिला आणि पाठवून दिला.