खिडकीतली वाळ्याची ताटी

कूलरच्या ताट्या भिजून वाळ्याचा वास सुटला, की मला अकोल्याच्या तेलगिरणीबाहेर माल उतरवायला रांगेत थांबलेला आमचा ट्रक आठवतो. लग्नानंतर हौसेनं यांच्यासोबत निघाले होते, पण भर दुपारी केबिन अशी तापली, की मी म्हटलं, "मले बसनं अमरावतीले पाठवून द्या." यांनी सीटमागून वाळ्याची ताटी काढली, खिडकीत बांधली आणि तिच्यावर कॅनमधलं पाणी ओतलं. "थोडी वेळ बसून तं पाह्य." बाहेरच्या झळा गार होऊन आत येऊ लागल्या. सीटमागच्या झोपायच्या फळीवर मी कधी झोपले, कळलंच नाही. यांनी उठवलं, "चाल, आपला नंबर लागला." मी कूस बदलत म्हटलं, "मागच्या गाडीले जाऊ द्या ना!" हे अजूनही दर उन्हाळ्यात, कूलर सुरू केला की माझी नक्कल करतात.